तुळशीराम कंडक्टरची बंद वर्षं

धाडच्या बसस्टँडसमोर खताचं दुकान आहे. त्याच्या बाजूने जो लोखंडी जिना वर जातो, त्याच्या शेवटी माझा कॉम्प्युटरचा क्लास. सहा मशीन, त्यातली चार चालू. मी योगिनी. माझं डोकं लवकर तापतं, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला तसदी नको. बोटाला थुंकी लावून कीबोर्डची बटणं दाबणाऱ्या भल्याभल्यांना मी त्या जिन्याने खाली पाठवलंय. एकाच माणसावर मला कधी नीट ओरडता आलं नाही, आणि ज्या दिवशी ओरडले त्या दिवशी अर्धी चूक माझीच निघाली. तो माणूस म्हणजे तुळशीराम कंडक्टर.

तो पहिल्यांदा आला २०१५ सालच्या दिवाळीनंतर. एसटीतून रिटायर होऊन सहा महिने झाले होते. दार सताड उघडं असूनही त्याने ते दोनदा ठोकलं आणि विचारलं, “मॅडम, एक सीट भेटन काय?” मला वाटलं नातवासाठी विचारतोय. तो म्हणाला, “मलेच बसायचं हाये.” मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. फी त्याने एकरकमी दिली, सगळ्या नोटा एका तोंडाने लावून, आणि हात पुढे करून तसाच उभा राहिला.

“आता काय पाहिजे काका?”

“पावती. पैसे घेतले की कागद द्यावा लागते मॅडम.”

माझ्याकडे पावतीपुस्तकच नव्हतं. त्याच संध्याकाळी मी एक विकत आणलं, आणि तेव्हापासून प्रत्येकाला पावती देते. शिकवायला मी बसले होते, पण पहिला धडा त्यानेच दिला.

त्याने कॉम्प्युटर शिकायचं कारण साधं होतं. त्याचा हात कापायला लागला होता. धावत्या गाडीत, राजूर घाटाच्या वळणांवर उभं राहून ज्याने चौतीस वर्षं सुवाच्य आकडे लिहिले, त्याचे आकडे आता घरातल्या टेबलावरसुद्धा वाकडे यायचे. घरखर्चाच्या वह्या त्याने लग्नापासून ठेवलेल्या. एक दिवस सातचा एक वाचला गेला आणि किराणा दुकानात बायकोसमोर, म्हणजे कौशल्याबाईंसमोर, फजिती झाली. तेव्हा त्याने ठरवलं की आता लिहायचं नाही, बटण दाबायचं. बटण दाबताना हात थरथरला तरी सात हा सातच उमटतो.

शिकायला तो मंद नव्हता आणि हुशारही नव्हता. तो पक्का होता. एकदा सांगितलेलं तो त्याच क्रमाने, न चुकता, रोज करायचा. मशीन चालू करताना “चला” म्हणायचा आणि बंद करताना कमरेशी हात मारून पाहायचा, बॅग आहे ना. बाकीची पोरंपोरी तोंड दाबून हसायची. हसू मलाही यायचं, पण मी मास्तरीण, त्यामुळे मी डोळे वटारायचे.

२०१६च्या पाडव्याला त्याने घरी लॅपटॉप आणला आणि त्यावर पहिली फाईल सुरू केली. नाव ‘घर २०१६’. पाडवा ते पाडवा एक फाईल. त्यात दोन पानं. एक घरखर्चाचं आणि एक ‘अन्नपूर्णा’ नावाचं. पुढच्या पाडव्याला ‘घर २०१७’. मी त्याला सांगितलं की मागच्या वर्षाची शिल्लक पुढच्या फाईलच्या पहिल्या ओळीत ओढायची असते. त्याने साफ नकार दिला.

“कालची कॅश आजच्या बॅगेत ठेवत नसतात मॅडम. ज्या दिवसाचं वेबिल त्या दिवशी डेपोत जमा. दुसऱ्या दिवशी रिकामी बॅग.”

वेबिल म्हणजे कंडक्टरचा त्या दिवसाचा कागद. कोणत्या थांब्याला किती तिकिटं फाडली, किती पैसे आले, सगळं त्याच्यावर. संध्याकाळी तो डेपोत गेला की गेला. तुळशीराम आपल्या वर्षांनाही तसंच बंद करायचा. मला वाटलं, असेल याची पद्धत, आपलं काय जातंय. तिथेच मी चुकले, पण ते कळायला सात वर्षं लागली.

अन्नपूर्णा ही त्याची धाकटी बहीण. साठीला आलेली, विधवा, मूलबाळ नाही, भावाच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहणारी. अक्षरओळख नाही, पण रंगरावांच्या पिठाच्या गिरणीवर बारा वर्षं वजनकाट्याशी काम केलेलं, त्यामुळे आकडे मात्र डोळे झाकून वाचणार. तिच्या नावावर दोन एकर वावर आहे. ते गफ्फारभाई मक्त्याने, म्हणजे वर्षाला ठरलेली रक्कम देऊन, करतात. वांगी, मिरची, कधी कोथिंबीर. दर पाडव्याला ते मक्त्याचे पैसे तुळशीरामच्या हातात देतात. बाईचं म्हणणं होतं, “माया घरी उंदरं हायेत, दादाच्या घरी ठेवा.” मग लागतील तसे ती मागून घ्यायची. आठ वर्षांत तीनदाच मागितले. डोळ्याच्या ऑपरेशनला अठरा हजार, घरावर पत्रे टाकायला बावीस हजार, पुतणीच्या लग्नात अठ्ठावीस हजार.

बाकी रोज संध्याकाळी पाच वाजता ती भावाच्या घरी चहाला यायची. चहा कौशल्याबाई करायच्या, नावं दोघी मिळून तुळशीरामला ठेवायच्या. कपबशी ठेवताना तो तिचीसुद्धा जागा ठरवून देतो म्हणून वहिनी तक्रार करायची, आणि नणंद म्हणायची, “लहानपणी मायी बाहुलीबी सीट नंबर पाहून बसे.” दहा मिनिटांचा हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू होता. मीही क्लास सुटल्यावर दोन-चारदा त्यात बसले आहे. त्या घरात बसलं की माझं डोकं आपोआप थंड व्हायचं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४च्या माघात, रंगरावांनी गिरणी विकायला काढली. मुलीकडे खामगावला राहायला जायचं होतं त्यांना. चक्की, मोटार, वजनकाटा, जागेचं डिपॉझिट, सगळं मिळून दीड लाख. पण त्यांनी अट घातली की पाडव्याच्या आत पैसे हातात पाहिजेत. दुसरं एक गिऱ्हाईक तयार होतं. अन्नपूर्णाबाईंच्या मनात आलं की ही गिरणी आपण घ्यायची. बारा वर्षं दुसऱ्याच्या चक्कीवर पीठ अंगावर घेतलं, आता एकदा स्वतःच्या चक्कीवर घ्यावं. हे तिने कोणालाच सांगितलं नाही, सरळ भावाला विचारलं, “दादा, माये किती जमले?”

तुळशीरामने आठही फाईली उघडल्या, प्रत्येक ‘अन्नपूर्णा’ पानाच्या तळाची शिल्लक कागदावर उतरवली आणि बेरीज केली. चौऱ्याऐंशी हजार.

“चौऱ्यांशी?” ती म्हणाली. “दीडाच्या वर पाहिजेत दादा.”

“कस्याच्या दीडाच्या?”

तिने बोटांवर मोजत म्हणून दाखवलं. मक्ता पहिल्या दोन वर्षी चोवीस-चोवीस, मग सव्वीस, मग दोनदा अठ्ठावीस, मग तीनदा तीस. दोन लाख वीस. त्यातून डोळा, पत्रे आणि लग्न गेलं अडुसष्ट. “एक लाख बावन्न राह्यतात.”

तुळशीरामने कागदाकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा बेरीज केली. पुन्हा चौऱ्याऐंशी. आणि मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं.

“अन्नपूर्णे, तोंडच्या हिशेबावर गाडी चालत नसते. लिहिलेलं हाये ते खरं.”

ती चहा अर्धा ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी पाच वाजले, सव्वापाच झाले, ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कौशल्याबाई बोलवायला गेल्या तर म्हणाली, “डोकं दुखून राह्यलं वहिनी.” चौथ्या दिवशी कौशल्याबाईंनी चहाचं भांडं आदळून नवऱ्याला सांगितलं, “तुमची बहीण तुम्ही घालवली. आता बसा त्या डबड्यासमोर.”

त्या दुपारी तुळशीराम माझ्याकडे आला. लॅपटॉप पिशवीत, पिशवी छातीशी. दार ठोकलं नाही, सीटही विचारली नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

“मॅडम, मशीन खोटं बोलते का हो?”

“मशीन खोटं बोलत नाही काका. माणूस चुकतो.”

“म्हंजे मंग अन्नपूर्णाच चुकली.” हे म्हणताना त्याचा चेहरा इतका पडलेला होता की मला वाईट वाटलं. बहीण चुकली हे सिद्ध झालेलं त्याला नको होतं. पण लिहिलेलं चुकलं, हे मानायला तो जन्मात तयार झाला नसता. चौतीस वर्षं ज्या कागदावर विश्वास ठेवून त्याने मान ताठ ठेवली, तो कागद खोटा कसा म्हणायचा? आणि गावात कोणी म्हणालं असतं की कंडक्टरने बहिणीचे पैसे खाल्ले, तर तो माणूस घराबाहेर पडला नसता. हे त्याने मला सांगितलं नाही. त्याच्या पिशवी धरण्यावरून मला कळलं.

मी फाईलींची यादी उघडली. नावं ओळीने होती, आणि शेजारी प्रत्येक फाईल शेवटची कधी बदलली त्याची तारीख. ‘घर २०१६’च्या समोर तारीख होती २०२१ची. ‘घर २०१७’ आणि ‘घर २०१८’च्या समोर २०२३ची. चार-पाच वर्षं बंद पडलेल्या फाईलीत कोणीतरी हात घातला होता. मी २०१६चं ‘अन्नपूर्णा’ पान उघडलं. मक्ता जमा, शून्य. २०१७, मक्ता जमा, शून्य. २०१८, सहा हजार.

“काका! या जुन्या फाईलींना कोणी हात लावला?” मी तडकले. “कोण बसतं या लॅपटॉपवर?”

“कोणी नाही. मीच लावला.” त्याने अगदी अभिमानाने सांगितलं. “पैसे देल्ले की खोडतो मी.”

“काय खोडता?”

मग त्याने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. बसमध्ये एखाद्याचं तिकीट बावन्न रुपयांचं असतं आणि तो शंभराची नोट काढतो. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे ४८ लिहून देतो. उतरताना तो तिकीट दाखवतो, कंडक्टर अठ्ठेचाळीस रुपये देतो आणि लगेच मागचा आकडा खोडतो. नाही खोडला तर तोच माणूस, किंवा ते तिकीट उचललेला दुसरा कोणी, पुन्हा मागायला येईल. “देल्ले की खोडायचं, मॅडम. नाई खोडलं त आपल्या अंगावर येते.”

अन्नपूर्णाला डोळ्यासाठी अठरा हजार दिले, तेव्हा त्याने त्या वर्षाच्या फाईलीत लिहिलं, ‘अन्नपूर्णेला दिले, १८,०००’. हे बरोबर. मग मान खाली घालून तो सर्वांत जुन्या फाईलीत गेला आणि तिथल्या चोवीस हजारांचे सहा हजार केले. देणं फिटलं, आकडा खोडला. पत्र्यांच्या वेळी उरलेले सहा खोडले आणि पुढच्या वर्षात शिरला. लग्नाच्या वेळीही तसंच. दिलेला प्रत्येक रुपया दोनदा वजा झाला, एकदा देताना आणि एकदा खोडताना. वहीत असतं तर काट मारलेला चोवीसचा आकडा खाली दिसत राहिला असता. मशीनमध्ये नवा आकडा टाकला की जुना कुठे गेला ते कोणालाच दिसत नाही. आणि शिल्लक पुढे ओढायची नाही हा त्याचा नियम, त्यामुळे कुठेच काही अडखळलं नाही.

“काका, बंद केलेल्या वर्षाला हात लावायचा नसतो!” मी ओरडले. आठ वर्षांत पहिल्यांदा. “डेपोत जमा केलेलं वेबिल तुम्ही परत मागून खोडलं असतं का? मग फाईल कशी खोडली?”

तो मग हळूच म्हणाला, “वेबिल जमा झालं की त्याच्यावर साहेबाची सही पडे, अन् ते कपाटात जाये. हे त घरीच होतं. उघडलं की उघडे. कुलूप लावा म्हणून तुम्ही सांगतलं नोतं मॅडम.”

मला माझीच लाज वाटली. खरंच नव्हतं सांगितलं. जतन कसं करायचं ते मी पहिल्या आठवड्यात शिकवते, जतन केलेलं जपायचं कसं ते कोर्सच्या शेवटी पुस्तकात असतं, आणि तिथपर्यंत पोहोचायच्या आत परीक्षा येते. इतकी वर्षं मी लोकांच्या हातात कुलपाशिवाय कपाटं देत होते.

मी त्याला दाखवलं की जुने आकडे परत टाकले तर बरोबर एक लाख बावन्न होतात. अन्नपूर्णाबाईंनी सांगितले तेवढेच. त्याने मान हलवली, पण उठेना.

“तुमी म्हणता म्हणून टाकायचे का? उद्या कोणी म्हणन, कंडक्टरनं बहिणीसाठी आकडे वाढवले. मूळ कागद पाहिजे.”

आता मूळ कागद कुठून आणायचा, म्हणून मी डोकं धरून बसले. तो मात्र एकदम उभा राहिला. कोणाकडून पैसे घेतले आणि कागद दिला नाही, असं त्याच्या आयुष्यात झालंच नव्हतं.

आम्ही दोघं माझ्या स्कूटीवर गफ्फारभाईंच्या वावरात गेलो. ते मिरचीला पाणी देत होते. तुळशीरामने नमस्कार करून विचारलं, “गफ्फारभाई, दर पाडव्याले मी तुमाले चिठ्ठी देत होतो. त्या ठेवल्या का फेकल्या?”

गफ्फारभाई हसले. “फेकीन कशाले कंडक्टर साहेब? तुमी त देता अन् सांगता, उतरेपर्यंत सांभाळून ठेवा. माया बायकोनं पेटीत ठेवल्या, पोराच्या, नौशादच्या, शाळेच्या दाखल्यासंग.”

घरी जाऊन त्यांच्या बायकोने, खुर्शीदाबींनी, पत्र्याची पेटी उघडली. आठ चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधलेल्या. चोवीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, तीस, तीस, तीस. प्रत्येकीवर तुळशीरामची सही, पहिल्या काही जरा सरळ, नंतरच्या कापऱ्या. त्याने एकेक चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. खुर्शीदाबींनी पाणी पुढे केलं. “बसा भाऊ,” त्या म्हणाल्या, “गणित जुळलं ना, आता पाणी घ्या.”

तिथून तो घरी गेला नाही. गल्लीच्या तोंडाशी स्कूटीवरून उतरला आणि सरळ अन्नपूर्णाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. मला म्हणाला, तुम्हीही चला. मला वाटतं त्याला एकट्याला धीर होत नव्हता.

ती ज्वारी निवडत बसली होती. त्याने चिठ्ठ्या तिच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाला, “एक लाख बावन्न. तूच बरोबर होती. म्याच दोनदा खोडलं.” आणि मग, उभ्या उभ्याच, “चुकलं अन्नपूर्णे.”

तिने चिठ्ठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. “दादा, पैशे कमी निघाले त्याचा मले राग नोता. तू खाल्ले, असं त सपनातबी नाई आलं. गिरणी नसती भेटली त नसती भेटली. पण मी तोंडानं सांगून राह्यली होती अन् तू मशीनकडं पाहून राह्यला होता. मायाकडं एकडाव पाह्यलं असतं त मी तिथंच पत्ता लावून देल्ला असता. मले तीनच डाव पैसे देल्ले तू. त्या तीनच गोठी मले इचारायच्या होत्या.”

तुळशीराम उंबऱ्यावर बसला आणि रडला. कंडक्टर माणूस, भर बाजाराच्या गर्दीत शंभर माणसांवर ओरडणारा, लहान पोरासारखा रडला. मीही डोळे पुसले, हे लपवत नाही. अन्नपूर्णाबाईंनी त्याच्या पाठीवर ज्वारीच्या धुळीचा हात ठेवला आणि म्हणाल्या, “आता उठ. रंगरावकडं जायचं हाये.”

गिरणी घेतली. पाडव्याच्या चार दिवस आधी. पैसे मोजून देताना रंगरावांना पावती लिहून द्यावी लागली, हे वेगळं सांगायला नको. आता बाई सकाळी आठला शटर उघडतात, भुवयांपर्यंत पांढऱ्या होतात आणि गहू कोणाचा किती जाडा दळायचा ते न विचारता दळतात. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मुद्दाम तिथेच जाते. त्या मशीनच्या आवाजात ओरडून गप्पा मारायला मला आवडतं.

पण फाईलींचं काम राहिलं होतं. आठ वर्षं चिठ्ठ्यांप्रमाणे दुरुस्त केल्यावर तुळशीराम मला म्हणाला, “आता यायले डेपोत जमा करा.”

मी प्रत्येक जुनी फाईल ‘फक्त वाचण्यासाठी’ केली, म्हणजे उघडून पाहता येते, बदलता येत नाही. त्याने ती खूण काढता येते का ते विचारलं. येते, मी म्हणाले. “मंग मी काढीन,” तो म्हणाला. “चौतीस वर्सं खोडायची सवय. माया हातावर माया भरोसा नाई.” मग मी फाईल बदलायला पासवर्ड लावायचं ठरवलं. त्याने विचारलं, पासवर्ड कोणाला ठाऊक राहणार? मी म्हणाले, तुम्हालाच. तो म्हणाला, मग काय उपयोग? पासवर्ड अन्नपूर्णाच्या ताब्यात द्या.

म्हणून अन्नपूर्णाबाई एक दिवस पीठ झटकत माझा जिना चढल्या. काट्यावरचे आकडे त्यांना येतात, तेवढे पुरेसे होते. एका बोटाने त्यांनी काही आकडे दाबले, तेच पुन्हा दाबले. तुळशीराम तोवर खिडकीतून बसस्टँड पाहत होता. मीही पाहिलं नाही.

सगळ्या फाईलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि ती खुर्शीदाबींच्या पेटीत ठेवायला दिली. तुळशीरामचं म्हणणं, त्या घरात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे तिथे फाईल कोणाच्या हाताने बदलायची भीतीच नाही. वर्षातून एकदा ती आणून उघडून पाहायची, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं. आणि एक नियम त्याने स्वतः मोठ्या अक्षरात छापून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवला. मागच्या वर्षाची चूक सापडली तर ती चालू वर्षात नवी ओळ लिहून दुरुस्त करायची, मागे जायचं नाही. शिल्लकही आता तो पुढे ओढतो. “नाईलाजानं,” असं म्हणतो.

माझ्या क्लासमध्ये आता कुलपाचा धडा पहिल्या आठवड्यात असतो. पोरं कंटाळतात. मी ओरडते.

यंदाच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी ते भाऊ-बहीण दोघं माझ्याकडे आले, गिरणीचं पहिलं वर्ष बंद करायला. गिरणीचा हिशेब तुळशीरामच लिहितो. लॅपटॉप समोर होता, फाईल उघडी होती, पण झाकण त्याने अर्धं खाली ओढलं, स्क्रीन दिसणार नाही एवढं. मग बहिणीकडे वळला.

“अन्नपूर्णे, सगळा खर्च जाऊन वर्षाचे किती राह्यले?”

तिने थोडा विचार केला. “एकेचाळीस हजार सहाशे.”

त्याने झाकण वर केलं. एकेचाळीस हजार तीनशे. मी बोलणार होते, पण त्याने हात वर केला, गाडी थांबवताना करतात तसा.

“मायंच काही राह्यलं असन,” तो म्हणाला. “तू सांगत जा, मी पाहत जातो. चैतापासून धर.”

ती सांगत गेली, तो बोट ओळीवर ठेवून ऐकत गेला. चैत, वैशाख, जेठ. मोटारीचं तेल, लाईटचं बिल, पट्टा बदलला ते. पाऊण तास गेला. मी दोन पोरांना उद्या या म्हणून परत पाठवलं. श्रावणापाशी ती थांबली आणि कपाळावर हात मारला.

“बापा! चाळणीची जाळी. तीनशे. मीच इसरली.”

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुळशीरामही हसला, पण ‘मी सांगितलं नव्हतं का’ असं काही म्हणाला नाही. फाईलीत एक अक्षरही बदलायचं नव्हतं. मी फाईल ‘फक्त वाचण्यासाठी’ केली, पासवर्डची चौकट समोर आणली, आणि तो उठून खिडकीशी गेला.

आकडे दाबता दाबता अन्नपूर्णाबाई त्याच्या पाठीकडे पाहून म्हणाल्या, “तुवं बरोबरच होतं दादा. मले इचारलं नसतं तरी चाललं असतं.”

“नाई,” तो बाहेर पाहतच म्हणाला. “तुले इचारल्याबिगर वर्ष बंद होत नाई.”